‘अपोलो ११’ माहितीपट : पाहण्याआधी आणि पाहून झाल्यावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा माहितीपट मी घरी, शाळेतल्या मुलांबरोबर आणि वाचनालयातल्या ज्येष्ठांबरोबर पाहिला आहे. दिवे लागले की लोक साधारण तेच तेच प्रश्न विचारतात, आणि काही प्रश्न पाहण्याआधीच यायला हवेत असं वाटतं, म्हणून ते इथे एकत्र लिहिले आहेत. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो : चंद्रावर उतरतात ते दोघे, पण हा माहितीपट जमिनीवर बसलेल्या माणसांचा आहे. त्यांच्याकडे बघत बघत पाहिलात तर तो खरा उलगडतो.

नेमका कोणता माहितीपट? या नावाचं बरंच काही सापडतं.

२०१९ साली आलेला, टॉड डग्लस मिलर यांनी दिग्दर्शित आणि संकलित केलेला. लांबी ९३ मिनिटं. शोधताना साल आणि दिग्दर्शकाचं नाव नीट पाहून घ्या, कारण चांद्रमोहिमेवर ढिगाने कार्यक्रम आहेत आणि नावंही एकमेकांसारखी आहेत. यात माणूस पहिल्यांदा चंद्रावर उतरला त्या मोहिमेची, १६ ते २४ जुलै १९६९ या दिवसांची गोष्ट आहे. क्रॉलर नावाच्या प्रचंड वाहनावरून रॉकेट प्रक्षेपण तळाकडे सरकतंय, तिथे सुरुवात होते आणि तिघे अंतराळवीर पृथ्वीवर परतल्यावर गोष्ट संपते.

निवेदक नाही, मुलाखती नाहीत. मग समजणार कसं?

समजतं. फक्त पहिली दहा मिनिटं जरा धीर धरावा लागतो. आपल्याला सवय असते ती कोणीतरी भारदस्त आवाजात सगळं समजावून सांगण्याची, मधूनच एखाद्या तज्ज्ञाने खुर्चीत बसून आठवणी सांगण्याची. इथे तसं काहीच नाही. १९६९ मध्ये जे आवाज नोंदले गेले तेच ऐकू येतात : नियंत्रण कक्षातले अधिकारी, यानातले तिघे, नासाचे प्रसिद्धी अधिकारी आणि टीव्हीवरचे बातमीदार. कुठे काय चाललंय ते कळावं म्हणून अधूनमधून साध्या रेषांची चित्रं येतात : पृथ्वी, चंद्र आणि यानाचा मार्ग. पडद्यावर माणसांची नावं आणि त्यांच्या पाळ्याही येतात.

दिग्दर्शकाचा हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. पन्नास वर्षांनी आठवणी सांगणाऱ्या माणसाला शेवट माहीत असतो. या आवाजांना तो माहीत नव्हता. उतरायच्या वेळी नियंत्रण कक्षातला माणूस बोलताना जो क्षणभर थांबतो, ते थांबणं कुठल्याही मुलाखतीत मिळणार नाही.

चित्र इतकं स्वच्छ आहे की नव्याने चित्रीकरण केल्यासारखं वाटतं. तसं आहे का?

नाही, एकही दृश्य नव्याने चित्रित केलेलं नाही. हा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा येतो, कारण प्रक्षेपणाच्या सकाळची दृश्यं थक्क करणारी आहेत. गर्दीतल्या बाईच्या चष्म्यातलं प्रतिबिंब दिसतं, गाड्यांच्या टपांवर बसलेली माणसं दिसतात.

त्यामागची हकिकत अशी. साठच्या दशकाच्या शेवटी चांद्रमोहिमेवर चित्रपटगृहांसाठी मोठा चित्रपट काढायचं ठरलं होतं आणि त्यासाठी ६५ मिलिमीटरच्या फिल्मवर चित्रीकरण झालं. नेहमीच्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या मानाने या फिल्मच्या एका चौकटीचं क्षेत्रफळ तिपटीहून अधिक असतं, त्यामुळे बारकावे विलक्षण उतरतात. मूळ बेत बदलला, त्यातला थोडाच भाग वापरला गेला आणि रिळं अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या थंड कोठारात जाऊन बसली. मिलर यांच्या चमूने २०१७ च्या सुमारास विचारणा केली, तेव्हा तिथल्या अभिलेखपालांना कोठारात दीडशेहून अधिक रिळं मिळाली. त्यांतल्या बऱ्याच रिळांमध्ये अपोलो ११ च्या प्रक्षेपणाची तयारी, जमलेली गर्दी आणि समुद्रातून अंतराळवीरांना बाहेर काढल्यानंतरची दृश्यं होती.

ही रिळं न्यूयॉर्कला नेऊन खास बनवलेल्या यंत्रावर एकेक चौकट स्कॅन केली गेली. कोठारात कोणीतरी ती जपून ठेवली होती, तापमान सांभाळलं होतं. चित्रपटाच्या यशात त्या अनाम माणसांचा वाटा मोठा आहे. आपल्याकडे किती जुन्या चित्रपटांच्या मूळ प्रती नष्ट झाल्या, ते माहीत असलेल्या माणसाला तर हे पाहताना हेवा वाटल्याशिवाय राहत नाही.

मग चंद्रावरची दृश्यं एवढी अंधुक का? तिथे चांगला कॅमेरा नेता आला नसता का?

नेला होता. यात एक नाही, चार वेगवेगळ्या प्रकारच्या कॅमेऱ्यांची दृश्यं आहेत, आणि हे एकदा लक्षात आलं की गोंधळ संपतो.

जमिनीवरचं चित्रण त्या मोठ्या ६५ मिलिमीटर फिल्मवर आणि इतर छोट्या फिल्मवर झालं. यानात १६ मिलिमीटरचा छोटा कॅमेरा होता. तो चंद्रावर उतरलेल्या दोघांपैकी ऑल्ड्रिन यांच्या बाजूच्या खिडकीत बसवलेला होता आणि उतरतानाचं दृश्य त्यानेच टिपलं. अंतराळवीरांच्या हातात हॅसलब्लाड कंपनीचा स्थिरचित्रांचा कॅमेरा होता आणि त्याचे फोटो आजही काचेसारखे स्वच्छ आहेत. तो कॅमेरा बहुतेक वेळ आर्मस्ट्राँग यांच्याकडे होता, म्हणून चंद्रावरच्या सुप्रसिद्ध फोटोंत बहुतेक ऑल्ड्रिन दिसतात. आर्मस्ट्राँग दिसतात ते ऑल्ड्रिन यांच्या शिरस्त्राणाच्या काचेतल्या प्रतिबिंबात.

अंधुक आहे तो चौथा, टीव्हीचा कॅमेरा. चित्र चंद्रावरून त्याच क्षणी पृथ्वीवर पोचवायचं होतं आणि त्यासाठी रेडिओ लहरींत जागा फारच थोडी होती, कारण त्याच लहरींतून आवाज, यानाची माहिती, अंतराळवीरांच्या हृदयाचे ठोके, सगळंच यायचं होतं. म्हणून हा कॅमेरा सेकंदाला फक्त १० चित्रं आणि प्रत्येक चित्रात ३२० रेषा पाठवायचा. पृथ्वीवरच्या टीव्हीला हे चालणारं नव्हतं. मग कॅलिफोर्नियातलं गोल्डस्टोन आणि ऑस्ट्रेलियातली हनीसकल क्रीक व पार्क्स इथल्या मोठ्या अँटेनांनी पकडलेलं चित्र आधी एका खास पडद्यावर दाखवलं जायचं आणि त्या पडद्यासमोर दुसरा टीव्ही कॅमेरा लावून ते जगभर पाठवलं जायचं. चित्राचं चित्र काढलं की धूसर होणारच. शिवाय कॅमेरा यानाच्या कप्प्यात उलटा बसवलेला होता, त्यामुळे सुरुवातीला चित्र उलटं आलं आणि जमिनीवर एक बटण दाबून ते सुलटं केलं गेलं.

मूळ, न बदललेलं चित्र ज्या चुंबकीय फितींवर नोंदलं होतं त्या नंतर पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात, असं नासाने २००९ मध्ये शोधाअंती सांगितलं. ६५ मिलिमीटरची रिळं कोठारात टिकली आणि या फिती टिकल्या नाहीत, हे एकाच मोहिमेच्या बाबतीत घडलं.

आवाज खरे आहेत की नंतर भरलेले?

माणसांचे आवाज सगळे खरे. ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षातलं प्रत्येक टेबल वेगळ्या ध्वनिमार्गावर नोंदलं जात होतं. या नोंदी अलीकडे डिजिटल झाल्या आणि मिलर यांच्या चमूला सुमारे ११,००० तासांचा आवाज उपलब्ध झाला. त्यात एक मोठी अडचण होती. नियंत्रण कक्षात चित्रित केलेली १६ मिलिमीटरची फिल्म मुकी होती. कुठला माणूस कुठल्या क्षणी काय बोलतोय हे कळायला मार्ग नव्हता. स्टीफन स्लेटर या ब्रिटिश अभ्यासकांनी ओठांच्या हालचाली, भिंतीवरची घड्याळं, कोण कुठल्या खुर्चीत बसलंय हे सगळं पाहून मुक्या फिल्मला तिचा आवाज शोधून दिला. हे काम त्यांनी या माहितीपटाच्या कितीतरी आधीपासून, निव्वळ आवडीपोटी सुरू केलं होतं.

संगीत मात्र नवीन आहे. मॅट मॉर्टन यांनी ते १९६९ मध्ये अस्तित्वात असलेल्या वाद्यांवरच वाजवलं. छातीत घुमणारा जो आवाज येतो तो त्या काळच्या मूग सिंथेसायझर या इलेक्ट्रॉनिक वाद्याचा.

पाहण्याआधी काय माहीत असावं?

फार नाही. तीन माणसं : नील आर्मस्ट्राँग, एडविन ‘बझ’ ऑल्ड्रिन आणि मायकेल कॉलिन्स. तिघेही १९३० चे, तिघेही याआधी एकेकदा अंतराळात जाऊन आलेले. दोन यानं : कोलंबिया हे मुख्य यान, जे चंद्राभोवती फिरत राहतं, आणि ईगल हे चंद्रावर उतरणारं. वर जातं ते सॅटर्न ५ रॉकेट, उंची सुमारे ११० मीटर. त्याच्या पहिल्या टप्प्यातली पाच इंजिनं सेकंदाला सुमारे १३ टन इंधन जाळत होती आणि अडीच मिनिटांच्या थोडं पुढे त्यांचं काम संपत होतं.

‘गो’ आणि ‘नो गो’ हे शब्द सतत ऐकू येतील. प्रत्येक टप्प्याआधी फ्लाइट डायरेक्टर, म्हणजे नियंत्रण कक्षाचा प्रमुख, प्रत्येक टेबलाला विचारतो आणि तो तो अधिकारी आपल्या भागाची जबाबदारी घेऊन उत्तर देतो. ‘कॅपकॉम’ म्हणजे नियंत्रण कक्षातून अंतराळवीरांशी बोलणारा माणूस. त्या काळी तो स्वतःही अंतराळवीरच असायचा. बाकी कोणी यानाशी थेट बोलत नाही. पाळ्यांना रंगांची नावं आहेत. हिरव्या पाळीचे प्रमुख क्लिफ चार्ल्सवर्थ, पांढऱ्या पाळीचे जीन क्रांझ आणि काळ्या पाळीचे ग्लिन लनी. प्रक्षेपण चार्ल्सवर्थ यांच्या पाळीत होतं आणि चंद्रावर उतरणं क्रांझ यांच्या.

कुठल्या प्रसंगांकडे विशेष लक्ष द्यावं?

प्रक्षेपण आणि पहिलं पाऊल यांकडे लक्ष जाणारच, ते सांगायला नको. मी सांगेन ते तीन छोटे प्रसंग.

पहिला, गळतीचा. प्रक्षेपणाच्या सकाळी रॉकेटला द्रवरूप हायड्रोजन पुरवणाऱ्या एका व्हॉल्व्हपाशी गळती सापडते. काही तंत्रज्ञ मनोऱ्यावर, सुमारे दोनशे फूट उंचीवर जातात आणि बोल्ट आवळू लागतात. शेजारी इंधनाने भरलेलं रॉकेट आहे, उलटमोजणी चालूच आहे आणि तिघे अंतराळवीर यायला निघालेले आहेत. प्रसिद्धी अधिकारी हे सगळं हवामानाची बातमी द्यावी इतक्या शांतपणे सांगतो. त्या तंत्रज्ञांची नावं कोणाच्या तोंडी नाहीत, पण त्या सकाळी पाना हातात घेऊन तिथे उभं राहणं हे कुठल्याही वीरश्रीपेक्षा कमी नव्हतं.

दुसरा, पोशाख चढवण्याचा. तिघांना अंतराळपोशाख घातले जात असतात आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यानंतर त्याच्या आयुष्यातली स्थिरचित्रं झरझर सरकतात : बालपण, लग्न, मुलं, विमानं. एकही शब्द नाही. आर्मस्ट्राँग यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे आहे, ते मी कितीदाही पाहिलं तरी मला पुरतं वाचता येत नाही.

तिसरा, हृदयाच्या ठोक्यांचा. प्रक्षेपणाच्या वेळचे ठोके जाहीर केले जातात : आर्मस्ट्राँग ११०, कॉलिन्स ९९, ऑल्ड्रिन ८८. एवढ्या प्रचंड रॉकेटच्या टोकावर बसलेल्या माणसाचे ठोके मिनिटाला ८८! जिना चढून आल्यावर आपले त्याहून जास्त पडतात.

उतरताना ‘१२०२’ म्हणून काय ओरडतात? तिथे नेमकं काय झालं?

कोणी ओरडत नाही, हेच तर त्यातलं विशेष. पण हा भाग आधी समजून घेतला तर ती मिनिटं श्वास रोखून पाहाल.

ईगल चंद्रापासून सुमारे १० किलोमीटर उंचीवर असताना त्याच्या संगणकाने १२०२ क्रमांकाचा इशारा दिला. या संगणकाची तात्पुरती स्मृती जेमतेम ४ किलोबाइट होती. आज एका छोट्या फोटोलाही ती पुरणार नाही. परतीच्या वेळी कोलंबियाला शोधायला लागणारं रडार चालू अवस्थेत होतं आणि विजेच्या जोडणीतल्या एका विसंगतीमुळे ते संगणकाला सतत बिनकामाचे संकेत पाठवत होतं. संगणकाचा वेळ त्यात जाऊ लागला आणि त्याने कळवलं की आपल्यावर कामाचा बोजा जास्त झाला आहे.

एमआयटी या अमेरिकी विद्यापीठात मार्गारेट हॅमिल्टन यांच्या नेतृत्वाखाली या संगणकाची प्रणाली लिहिणाऱ्या गटाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक गोष्ट आधीच योजून ठेवली होती. बोजा वाढला तर संगणकाने कमी महत्त्वाची कामं सोडून द्यायची आणि यान उतरवण्याचं काम सोडायचं नाही. त्याने तेच केलं.

पण त्या क्षणी यानातल्या दोघांना १२०२ म्हणजे काय ते माहीत नव्हतं. उत्तर द्यायचं होतं ते मार्गदर्शन अधिकारी स्टीव्ह बेल्स यांना, वय २६. त्यांच्या कानात मागच्या खोलीतून बोलत होते जॅक गार्मन, वय २४. माहितीपटात न सांगितलेली पुढची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. काही दिवस आधी सरावात असाच एक इशारा आला होता आणि बेल्स यांनी घाईने मोहीम सोडून देण्याचा निर्णय दिला होता. तो निर्णय चुकीचा होता. तेव्हा क्रांझ यांनी सगळ्या इशाऱ्यांचा अभ्यास करायला सांगितलं आणि गार्मन यांनी त्यांची यादी हाताने लिहून टेबलावर ठेवली. खरी वेळ आली तेव्हा उत्तर त्या कागदावर होतं : इशारा सतत येत नसेल तर पुढे जा. काही सेकंदांत ‘गो’ मिळाला.

त्यानंतर पुढे दगडांनी भरलेलं एक विवर दिसलं आणि आर्मस्ट्राँग यांनी नियंत्रण हातात घेऊन यान पलीकडे नेलं. इंधन संपत आलं होतं. कॅपकॉम चार्ली ड्यूक ‘६० सेकंद’ म्हणतात, मग ‘३० सेकंद’. हे सगळं त्या खिडकीतल्या कॅमेऱ्याच्या दृश्यात, जवळपास न तुटता दाखवलं आहे. दिग्दर्शकाला इथे कात्री लावायचा मोह झाला नाही, याबद्दल त्यांचे आभारच मानायला हवेत.

कॉलिन्स एकटेच वर राहिले. त्यांना काय वाटलं असेल?

दर फेरीत कोलंबिया चंद्राच्या मागच्या बाजूला गेलं की सुमारे ४८ मिनिटं पृथ्वीशी संपर्क तुटायचा. त्या वेळी ते एका बाजूला आणि बाकी सगळी मानवजात दुसऱ्या बाजूला. पण त्यांनी नंतर स्वतःच लिहिलं आहे की त्यांना एकाकी वाटलं नाही. माहितीपटात त्यांची विनोदबुद्धी दिसते. शरीरावरच्या श्वास मोजणाऱ्या यंत्राचे संकेत येईनासे होतात, तेव्हा श्वास थांबला तर नक्की कळवीन, असं ते पृथ्वीवर सांगतात. या माणसाने आपल्या वाट्याची भूमिका मनापासून निभावली. २०२१ मध्ये ते गेले तेव्हा मला घरचं कोणी गेल्यासारखं वाटलं.

सगळे पुरुषच दिसतात. बायका नव्हत्याच का?

प्रक्षेपण नियंत्रण कक्षाच्या दृश्यात पांढऱ्या सदऱ्यांच्या रांगांमध्ये एक तरुण स्त्री बसलेली दिसते. चटकन निसटेल, म्हणून डोळे उघडे ठेवा. त्या जोअ‍ॅन मॉर्गन, उपकरणांच्या विभागातल्या अभियंता. प्रक्षेपणाच्या क्षणी त्या कक्षात बसण्याची परवानगी मिळालेल्या त्या एकमेव स्त्री होत्या.

पडद्याबाहेर मात्र बायका पुष्कळ होत्या. हॅमिल्टन यांचं नाव वर आलंच. पॉपी नॉर्थकट ह्यूस्टनला परतीच्या मार्गांची गणितं करत होत्या. डेलावेअरमधल्या आयएलसी कंपनीत अंतराळपोशाख शिवले ते शिवणकाम करणाऱ्या बायकांनी. थरावर थर अचूक बसवायचे आणि टाका केसभरही चुकवायचा नाही. संगणकाची कायमची स्मृती म्हणजे बारीक चुंबकीय कड्यांमधून ओवलेली तार होती. तीही मॅसॅच्युसेट्समधल्या कारखान्यात बायकांनीच हाताने ओवली. १२०२ च्या वेळी यान ज्या प्रणालीने सावरलं ती अशी शब्दशः ओवलेली होती.

मुलांना दाखवावा का? कितव्या वर्षापासून?

जरूर दाखवावा. हिंसा नाही, अपशब्द नाहीत. अमेरिकेत त्याला सर्व वयोगटांचं प्रमाणपत्र आहे. आठ-नऊ वर्षांची मुलं क्रॉलर आणि प्रक्षेपण डोळे विस्फारून पाहतात. मधल्या प्रवासात ती चुळबुळ करतात, तेव्हा यान पृथ्वीची कक्षा सोडून चंद्राकडे निघतं तिथे सरळ थांबवा आणि उरलेला भाग दुसऱ्या दिवशी लावा. आधी गच्चीवर नेऊन चंद्र दाखवलात तर उत्तमच. ईगल उतरलं तेव्हा आकाशात शुक्ल पक्षातला, अष्टमीच्या आधीचा चंद्र होता. उतरायच्या जागी सकाळचं तिरपं ऊन हवं होतं, म्हणजे सावल्या लांब पडतात आणि खड्डे ओळखू येतात. हे सांगितलं की मुलं चंद्रावरची सावली शोधू लागतात.

इंग्रजी फारसं कळत नाही. तरी पाहू का?

पाहा, पण इंग्रजी उपशीर्षकं लावा आणि शेजारी इंग्रजी जाणणारं कोणीतरी बसवा. रेडिओवरचं खरखरणारं बोलणं इंग्रजी चांगलं येणाऱ्यांनाही पहिल्या फेरीत पुरतं कळत नाही. माझा अनुभव असा की दर वाक्याचं भाषांतर करत बसू नये. टप्पा बदलला की दोन वाक्यांत सांगावं आणि गप्प बसावं.

मोबाइलवर चालेल का?

नाही. शक्य तेवढा मोठा पडदा, खोलीत अंधार आणि बरे स्पीकर. एवढं जमत नसेल तर जमेल त्या दिवसापर्यंत थांबा.

हे सगळं खोटं होतं म्हणतात. झेंडा तर फडकताना दिसतो.

झेंड्याच्या वरच्या कडेला आडवी दांडी आहे, ती माहितीपटातही दिसते. हात लावला की कापड हलतं आणि हवा नसल्याने ते हलणं लवकर थांबत नाही. आकाशात तारे दिसत नाहीत कारण कॅमेरा भर उन्हातल्या जमिनीसाठी लावलेला आहे.

त्यापलीकडचे पुरावे आजही तिथे आहेत. चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या एलआरओ यानाने काढलेल्या फोटोंत ईगलचा खालचा भाग आणि दोघांच्या पायवाटा दिसतात. आपल्या चांद्रयान-२ च्या ऑर्बिटरनेही ती जागा टिपली आहे. तिथे ठेवलेल्या परावर्तकावर पृथ्वीवरून लेझरचा झोत मारून अंतर मोजलं जातं. अशा मोजमापांतूनच चंद्र दर वर्षी सुमारे ३.८ सेंटीमीटर दूर जातोय हे कळलं. शंका विचारणाऱ्या मुलावर कधीही चिडू नये. त्याला हे फोटो दाखवावेत.

परत आल्यावर त्यांना कोंडून का ठेवलं?

चंद्रावरून एखादा अज्ञात जंतू आला तर, या भीतीने. पॅसिफिक महासागरातून हॉर्नेट या जहाजावर आणल्यावर तिघांना एका बंद गाडीवजा खोलीत ठेवलं आणि अध्यक्ष निक्सन त्यांच्याशी काचेपलीकडून बोलले. पुढे ह्यूस्टनला मुक्काम. १० ऑगस्टला सुटका झाली. जंतू काही सापडले नाहीत.

माहितीपटात काय नाही?

बरंच काही नाही, आणि ते माहीत असावं. जानेवारी १९६७ मध्ये अपोलो १ च्या चाचणीत आग लागून गस ग्रिसम, एड व्हाइट आणि रॉजर चॅफी गेले. ती सावली या सगळ्यांवर होती. प्रक्षेपणाच्या आदल्या दिवशी कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीचे नेते राल्फ अ‍ॅबरनाथी गरीब कुटुंबांना घेऊन केप केनेडीला, म्हणजे प्रक्षेपणाच्या ठिकाणी, आले होते आणि देशात माणसं उपाशी असताना हा खर्च कशासाठी, असं विचारत होते. तो प्रश्न इथे नाही. आणि सोव्हिएत संघ तर जवळपास नाहीच. प्रत्यक्षात त्यांचं लुना १५ हे यान त्याच वेळी चंद्राभोवती होतं आणि ईगल चंद्रावर असतानाच, २१ जुलैला, ते चंद्रावर कोसळलं. मला अ‍ॅबरनाथी यांची अनुपस्थिती जास्त खटकते. नऊ दिवसांची गोष्ट सांगायची ठरवली होती आणि ते त्या दिवसांच्या अगदी उंबरठ्यावर, तिथेच होते.

त्या वेळी आपल्याकडे लोकांनी हे पाहिलं होतं का?

महाराष्ट्रात टीव्हीवर पाहणं शक्यच नव्हतं. तेव्हा देशात दूरचित्रवाणी फक्त दिल्लीत होती. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. आपल्याकडे हे पोचलं रेडिओ आणि वर्तमानपत्रांतून. प्रक्षेपण आपल्या वेळेने १६ जुलैच्या संध्याकाळी ७ वाजून २ मिनिटांनी झालं. ईगल उतरलं २१ जुलैच्या मध्यरात्रीनंतर १ वाजून ४७ मिनिटांनी आणि पहिलं पाऊल पडलं सोमवारी सकाळी ८ वाजून २६ मिनिटांनी, म्हणजे ऐन शाळा-कचेरीच्या घाईत. घरात सत्तरी ओलांडलेलं कोणी असेल तर त्या सोमवारबद्दल आवर्जून विचारा.

तिघे अंतराळवीर त्याच वर्षी जगाच्या दौऱ्यावर निघाले आणि २६ ऑक्टोबरला मुंबईत येऊन गेले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत पुढे चंद्रावरच्या नमुन्यांवर संशोधन झालं. आणि पहिल्या पावलानंतर २५ दिवसांनी, १५ ऑगस्ट १९६९ ला, इस्रोची स्थापना झाली. २५ जून २०२५ ला शुभांशु शुक्ला ज्या तळावरून अंतराळस्थानकाकडे निघाले तो ३९ए, म्हणजे अपोलो ११ चाच तळ. माहितीपटातलं क्रॉलर जिथे जाऊन थांबतं ती जागा.

शाळेत दाखवायचा आहे, पण दीड तास मिळत नाही.

याच चमूने विज्ञान केंद्रांसाठी ४७ मिनिटांची छोटी आवृत्ती केली आहे, ‘अपोलो ११ : फर्स्ट स्टेप्स एडिशन’. ती मिळाली तर एका तासिकेत बसते. नाहीतर मूळ माहितीपटातला प्रक्षेपणाचा आणि उतरण्याचा भाग दाखवा आणि मध्ये फळ्यावर मार्ग काढून दाखवा.

पाहून झाल्यावर आणखी खोलात जायचं असेल तर?

माहितीपटाच्या ध्वनिफितींवर काम केलेल्या बेन फाइस्ट यांनी ‘अपोलो इन रिअल टाइम’ नावाचं संकेतस्थळ तयार केलं आहे. पूर्ण मोहीम सेकंदागणिक, फुकट. चित्रं, संभाषणाची लेखी नोंद आणि नियंत्रण कक्षातल्या वेगवेगळ्या टेबलांचे आवाज निवडून ऐकता येतात. सुरुवात उतरण्याच्या साधारण वीस मिनिटं आधीपासून करा आणि मार्गदर्शन अधिकाऱ्याचं टेबल निवडा. बेल्स आणि गार्मन यांचे आवाज तिथे आहेत.